राजूर घाटात बसवलेला डबा

मे महिना होता आणि मी वार्षिक सुट्टीवर देऊळघाटला आलेलो होतो. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. युनिट तेव्हा उत्तरेला, उंचावर होती. सुट्टीवर आलेला फौजी सुरुवातीला घरच्यांना हवासा वाटतो, मग तो प्रत्येकाच्या कामात नाक खुपसायला लागतो. माझं तेच झालं होतं. विहिरीवरचा पंप खोलून झाला, भावाची मोटारसायकल खोलून झाली. बायको म्हणाली, "आता माह्या मिक्सरले हात लावला तं पाहा." मला रिकामं बसवत नाही. त्या काळात तर अजिबात बसवत नव्हतं.

संध्याकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. युनिटमधून सुभेदार मेजर साहेब बोलत होते.

"कहाँ हो?"

"घर पे, साब."

"राजरत्न नहीं रहा."

मी उभाच होतो, तरी पुन्हा उभा राहिल्यासारखं केलं. साहेबांनी मोजकं सांगितलं. नायक राजरत्न आमच्या युनिटच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर. एका आजारी जवानाला खाली हॉस्पिटलला पोचवून तो रिकामी गाडी वर आणत होता. दोन दिवसांपूर्वी वाटेत दरड कोसळली; एस्कॉर्ट पार्थिव घेऊन निघालाही होता. गाडीत तो एकटाच होता.

"पार्थिव कल मलकापूर स्टेशन पहुँचेगा. एस्कॉर्ट साथ है. यूनिट की तरफ से तुम रिसीव करोगे और आखिर तक साथ रहोगे. कोई शक?"

"नहीं, साब."

राजरत्न लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा. अख्ख्या युनिटमध्ये बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोघंच. आम्ही वऱ्हाडीत बोलायला लागलो की बाकीच्यांना वाटायचं भांडण जुंपलं. तो माझ्यापेक्षा लहान, पण गाडीच्या बाबतीत मला दम द्यायचा. "उस्ताद, पाना वापरल्यावर जागेवर ठेवत जा न बे," असं तो एका हवालदाराला म्हणू शकायचा, आणि मी ऐकून घ्यायचो. त्या रात्री मला झोप आली नाही. युनिफॉर्मला इस्त्री केली, मग परत केली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं बुलढाणा आणि तिथून मलकापूर गाठलं. हवामानामुळे विमानाचं जमलं नव्हतं, म्हणून पार्थिव रेल्वेनं येत होतं. साडेनऊला गाडी लागली. एस्कॉर्टचे सुभेदार साहेब हिमाचलचे होते, सोबत दोन जवान. साहेबांनी असं ऊन जन्मात पाहिलं नसावं, पण त्यांनी कॉलरचं बटण उघडलं नाही. तिरंग्यातली पेटी खाली उतरवली तेव्हा प्लॅटफॉर्मवरचे हमाल डोक्यावरचं ओझं खाली ठेवून उभे राहिले. मी सॅल्यूट केला.  

सैन्याची जी गाडी यायची होती ती वाटेतच क्लच जाऊन उभी राहिली होती. मलकापूरच्या माजी सैनिकांनी धावपळ करून एक पिकअप आणली. गाडी शकीलभाईंची, चालवणारेही तेच. कापसाच्या गाठी वाहायची गाडी, पण पहाटेपासून त्यांनी ती इतकी धुतली होती की टायरसुद्धा चमकत होते. माझी खोड म्हणून मी पहिले बॉनेट उघडलं. इंजिन बरं होतं. बेल्ट नवा होता. पण रेडिएटरच्या बाजूला जो पांढरा प्लास्टिकचा डबा असतो, तो नव्हताच. झाकणाजवळून निघालेली बारीक नळी खाली लोंबत होती.

"शकीलभाई, कूलंटचा डबा कुठी गेला?"

"तो फुटला न भाऊ मागच्या साली. काढून फेकला. रेडिएटर भरला का झालं. त्या डब्यानं का होते?"

आमच्या भागातल्या अर्ध्या गाड्यांचं असंच आहे. तुम्ही सिव्हिलमधली माणसं, म्हणून सांगतो. इंजिन तापलं की आतलं कूलंट फुगतं, दूध वर येतं तसं. जादा झालेलं कूलंट त्या नळीवाटे डब्यात जातं. इंजिन थंड झालं की तेच कूलंट डब्यातून परत आत ओढलं जातं. डबा नसला की ते रस्त्यावर सांडतं आणि इंजिन थंड होताना आत हवा शिरते. म्हणजे दर वेळी पाणी कमी होत जातं, आणि चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पळत्या गाडीला, वारा लागत असला तर, हे चालून जातं. आम्हाला पळतच जायचं होतं. सुभेदार साहेब घड्याळ बघत होते. मी पाण्याचे दोन कॅन मागे चढवले आणि पेटीजवळ बसलो.

शहर सुटायच्या आतच राजरत्नच्या धाकट्या भावाचा, आनंदचा, फोन आला.

"दादा, कुठी पोचले?"

"आत्ताच निघालो."

"लवकर या. माय सकाळपासून फाट्यावर उनात बसली हाय. म्हणते, तो आल्याबिगर उठत नाही. पाणी बी घेऊन नाही राह्यली."

"डोक्यावर काही धरा तिच्या."

"छत्री फेकून देते, दादा."

त्याची आई वत्सलाबाई. साठी ओलांडलेली, शुगरची गोळी चालू. बिनपाण्यानं मेच्या उन्हात ती किती टिकेल, ते मला ठाऊक होतं. आम्हाला उन्हाच्या फटक्याचं ट्रेनिंग देतात. मी आनंदला म्हटलं, डॉक्टरला फाट्यावरच बोलावून ठेव. त्यानं आधीच बोलावलं होतं, आणि माय डॉक्टरलाही हात लावू देत नव्हती.

आता पळायला हवं होतं, आणि गाडीला कोणी पळू देईना. प्रत्येक फाट्यावर माणसं उभी. कोणी हात जोडून, कोणी लेकरं कडेवर घेऊन. गाडी अडवायची, पेटीवर फुलं वाहायची, घोषणा द्यायच्या, मग शंभर-दोनशे पावलं गाडीपुढे चालायचं. मोताळ्यात तर गर्दीतून गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली, आणि तिथल्या चार-दोन गाड्या आमच्या मागोमाग निघाल्या. अमर रहे, अमर रहे. मी मनात म्हणत होतो, सोडा रे बाबांनो, सोडा. फाट्यावर एक म्हातारी तडफडते आहे. पण कोणाला काय सांगणार? हे लोक त्याच्यासाठीच उन्हात उभे होते. आनंदचे आणखी दोन फोन येऊन गेले. दुसऱ्या फोनमध्ये तो म्हणाला, "मायले चक्कर आली होती. पुन्हा उठून तिथंच बसली."

मी मागे पेटीशी होतो. पुढे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. राजूर मागे पडलं, घाट लागला. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गोडसर वास आला. मेकॅनिकला हा वास झोपेतही कळतो. गरम कूलंटचा वास तो. मी केबिनच्या काचेवर थाप मारेपर्यंत बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि गाडी कडेला लागली.

मागच्या गाड्यांमधून माणसं धावत आली. कोणी ओरडलं, "आग लागली!" शकीलभाईंनी बॉनेट उघडलं, हातात फडकं घेतलं आणि ते थेट रेडिएटरच्या झाकणाकडे गेले.

"हात लावू नका! मागे व्हा!"

मी इतक्या जोरात ओरडलो की सुभेदार साहेबही थबकले. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. मी एका ड्रायव्हरचा चेहरा असा भाजलेला पाहिला आहे.

"टेम्परेचर का काँटा कब से लाल में था?" मी चिडून हिंदीतच सुरू झालो.

"भाऊ, मी काट्याकडे पाहू का माणसाईले चुकवू?" शकीलभाईंचा आवाज रडवेला झाला होता. "असं कसं झालं हो? कालच मी हिले मलकापूर-खामगाव पळवून आणली. काईच नाही झालं."

मग मी गाडीच्या पुढे आलो आणि कारण समोरच दिसलं. मोताळ्यात गर्दीनं पुढच्या जाळीवर राजरत्नच्या फोटोचा मोठा फ्लेक्स तारेनं घट्ट आवळून बांधला होता. बॉनेटपासून बंपरपर्यंत. त्यावर झेंडूचे हार, एकावर एक, वीतभर जाड. रेडिएटरला वारा लागायची एवढीशी फट उरली नव्हती. त्यात पावलापावलानं चालवलेली गाडी, वरून ऊन, आणि जे उतू गेलं ते परत घ्यायला डबा नाही. युनिफॉर्ममधल्या राजरत्नचा तो फोटो मीच काढलेला होता, वर्कशॉपसमोर.

"रिपोर्ट दो," सुभेदार साहेब म्हणाले.

"साब, ओव्हरहीट. रेडिएटर आगे से बंद है. पानी गिर गया. ठंडा होने में आधा घंटा. फिर ओव्हरफ्लो का डब्बा लगाना पड़ेगा, नहीं तो चिखली भी नहीं पहुँचेंगे."

"करो. और ये?" त्यांनी फ्लेक्सकडे बोट दाखवलं.

"निकालना पड़ेगा, साब."

मी पक्कड घेऊन पहिली तार तोडली, तसा गर्दीतून एक तगडा माणूस पुढे आला. मोताळ्यात हार आणि फ्लेक्स त्याच्याच गटानं बांधले होते. डोळे लाल, घामानं सदरा चिंब.

"ओ साहेब! फोटोले हात नका लावू."

"काढावाच लागते, भाऊ. गाडीले हवा नाही."

"शहीदाचा फोटो हाय तो! तुमी मिलिट्रीवाले असून फोटो काढता? लाज वाटली पाह्यजे."

चार जणांनी त्याची री ओढली. कोणी मोबाइल वर करून शूटिंग सुरू केलं. माझं डोकं फिरलं. सांगतो खरं, त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. राजरत्न माझा होता. ह्यानं त्याला बघितलंही नव्हतं. फोन खिशात थरथरत होता आणि तो आनंदचाच असणार हे मला माहीत होतं.

मी पक्कड खाली ठेवली नाही. पण ओरडलोही नाही.

"भाऊ, तुमचं नाव काय ते मले माहीत नाही. राजरत्न अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता. आमच्यातल्या एकानं एकदा त्याच्या गाडीच्या जाळीवर ओला टॉवेल वाळत घातला, तं त्यानं तो टॉवेल सरळ दरीत फेकला. गाडीची जाळी म्हणजे गाडीचं नाक हाय, असं तो म्हणे. आज तो उठून बसला असता न, तं त्यानं पहिले हा फ्लेक्स काढला असता अन् मंग आपल्या सगळ्याईले शिव्या घातल्या असत्या. त्याची माय तिकडे फाट्यावर बिनपाण्याची बसली हाय. मले तिच्यापाशी जाऊ द्या."

 तो माणूस खाली वाकला आणि दुसऱ्या बाजूची तार स्वतःच्या हातानं उलगडायला लागला. तार निघेना, म्हणून मी त्याला पक्कड दिली. त्यानं फोटो वर राहील असा फ्लेक्स घडी केला, छातीशी धरला आणि मागच्या टेम्पोत जाऊन उभा राहिला. सुलतानपूरपर्यंत तो फोटो त्यानं दोन्ही हातांनी वर धरून नेला.

आता डब्याचं काम. कोल्ड्रिंकच्या बाटल्या लोकांकडे भरपूर होत्या, पण ती बाटली गरम कूलंटनं चोळामोळा होते. मला जाड प्लास्टिक हवं होतं. मागच्या टेम्पोत कपाशीवर फवारायच्या औषधाचा रिकामा कॅन पडलेला सापडला. उंच, अरुंद, घट्ट झाकणाचा. अगदी हवा तसा.

"हा इखाचा डबा हाय, भाऊ," शकीलभाई दचकले. "हा लावसान? त्याच्या गाडीले?"

"धुऊन देतो. मशीन हाय, तिले काई फरक पडत नाही."

माती आणि पाणी घालून कॅन तीनदा खळखळून धुतला. स्क्रूड्रायव्हरचं टोक लायटरवर लाल केलं आणि झाकणाला दोन भोकं पाडली. एक नळीच्या मापाचं, दुसरं बारीक, हवा यायला-जायला. हे बारीक भोक विसरलं तर डबा बसवून उपयोग नाही. लोंबणारी नळी वर घेतली, फुंकून पाहिली, मोकळी होती. तिचं टोक कॅनच्या तळाशी पोचेल इतकं आत सोडलं. टोक कायम पाण्यात बुडालेलं राहिलं पाहिजे, तरच रेडिएटर पाणी परत ओढतो. मग कॅन बॅटरीच्या बाजूला, पंख्यापासून लांब, त्याच फ्लेक्सच्या तारेनं आवळला. शकीलभाई तार धरत होते, मी पिळत होतो. त्यांचे ओठ हलत होते. दुआ करत असावेत.

तोवर झाकणावर हात ठेवता यायला लागला होता. जाड फडकं टाकून पहिले अर्धा आटा फिरवला, उरलेली वाफ सुस्कारली, मग झाकण काढलं. इंजिन चालू करून थोडं थोडं पाणी ओतलं. एकदम ओतलं असतं तर तापलेल्या इंजिनला तडा गेला असता. घाई जिवाला लागलेली आणि हाताला सावकाश चालावं लागत होतं, तो वेळ मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. बुडबुडे थांबले, झाकण लावलं, कॅन अर्धा भरला. चार-पाच मिनिटांत नळीतून पाणी सरकून कॅनमधली पातळी बोटभर वर चढली. डबा चालत होता.

"साब, गाडी रेडी. पर अब रुकना नहीं है. कहीं भी नहीं."

"लोग मानेंगे?"

 मी फ्लेक्सवाल्या माणसालाच सांगितलं, की पुढे सगळीकडे फोन लावा. गाडी थांबणार नाही, हळू होणार नाही. माय पाणी घेत नाही, म्हणून थांबणार नाही. हे शेवटचं वाक्य नक्की सांगा.

बुलढाण्यात शिरताना माझी नजर रस्त्यावरून हलत नव्हती. चौकात हजारभर माणसं असतील. सगळी कडेला. मधला रस्ता रिकामा. कोणी पुढे झालं नाही. आम्ही चाळीसच्या स्पीडनं निघालो आणि दोन्ही बाजूंनी फुलं आली, पेटीवर, माझ्या टोपीवर, डांबरावर. चिखलीत तसंच. मेहकरला शाळकरी पोरं सॅल्यूट करून उभी होती. कुठेही घोषणा नव्हत्या. मी त्या लोकांवर मोताळ्यात मनातल्या मनात चिडलो होतो. आता मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. केबिनच्या काचेतून मी अधूनमधून आत पाहत होतो. शकीलभाई एका हातानं स्टिअरिंग आणि एका हातानं डोळे सांभाळत होते. काटा मध्यावरून हलला नाही.

सुलतानपूर फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गर्दी दुभंगली आणि मला वत्सलाबाई दिसल्या. निळं लुगडं, डांबराच्या कडेला मातीत बसलेल्या. ओठ पांढरे पडलेले. डॉक्टर बाजूला सलाइनची बाटली घेऊन तसाच उभा. आनंद त्यांना उठवायला वाकला, पण त्या आपल्या आपण उठल्या. चालत गाडीपाशी आल्या. मी मागचा फाळका उघडून खाली उतरलो आणि सावधान उभा राहिलो.

त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. मला वाटलं आता हंबरडा फोडतील. सगळा गाव त्याचीच वाट पाहत होता. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमी संग होते, बापू?"

"हो, माय. मलकापूरपासून."

"माह्या लेकराले रस्त्यानं तरास तं नाही झाला?"

माझ्या हाताला ऑइल लागलेलं, बाह्यांवर कूलंटचे डाग. मी म्हटलं, "नाही, माय. आरामात आला."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि आनंदच्या हातातला तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्यायल्या.

अंत्यविधी दिवस मावळायच्या आत झाला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, पोलिसांच्या तुकडीनं हवेत फैरी झाडल्या, सुभेदार साहेबांनी तिरंग्याची घडी मायच्या हातात ठेवली. शकीलभाई गाडीला टेकून शेवटपर्यंत उभे होते. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी रद्द करून युनिटला परत गेलो, कारण घरी बसणं मला जमेना.

राजरत्नबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तो आजारी जवानांना बर्फातून खाली आणायचा. रस्ता असा, की धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. हॉस्पिटलसमोर गाडी लागली की तो उतरून मागचं दार उघडायचा आणि स्ट्रेचरवरच्या माणसाच्या कानाशी वाकून विचारायचा, "भाई, रास्ते में तकलीफ तो नहीं हुई?" आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. तापानं फणफणलेली, पाय मोडलेली माणसंही त्याला नहीं भाई म्हणायची. हे विचारणं त्यानं घरून आणलं होतं. नायक राजरत्न, ड्रायव्हर. त्यानं खाली आणलेली कितीतरी माणसं आज आपापल्या घरी आहेत.